दोघांचा बाजार : शेतकरी आठवडे बाजारात जोडीनं खरेदी कशी करावी

मेथीची एक भरघोस जुडी दोन माणसांच्या घरात दोनदा होते आणि तिसऱ्या दिवशी पिवळी पडते. बाजार मोठ्या मापानं विकतो आणि हल्लीची घरं लहान मापानं खातात. ही गाठ सोडवायला सोबत लागते. गप्पा मारायला नव्हे, तर जुडी, वाटा, फणी, पेटी आणि ढेप निम्मी करायला, आणि एकाच वेळी दोन ठिकाणी उभं राहायला. सोबत घ्यायची ती खाण्याच्या सवयी थोड्याफार जुळणाऱ्या घरातली. एका घरी कारलं चालत नसेल तर हरकत नाही. पण एक घर आठवड्याला अर्धा किलो भाजी खातं आणि दुसरं पाच, अशी जोडी जमत नाही.

बाजार कुठला, वेळ कोणती

पुण्या-मुंबईसारख्या शहरांत दोन तऱ्हेचे बाजार हाताशी असतात. पहिला, शहरातला शेतकरी आठवडे बाजार. २०१६ साली राज्यानं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, आणि पणन मंडळाच्या ‘संत शिरोमणी सावता माळी शेतकरी आठवडे बाजार’ अभियानातून शेतकरी गट आपला माल थेट वस्तीत आणून विकू लागले. दुसरा, तासाभराच्या अंतरावरचा तालुक्याचा किंवा गावचा पिढ्यान्‌पिढ्या भरणारा बाजार. गोव्यात मापशाचा शुक्रवार त्यातलाच.

गावच्या बाजारात माल सकाळी मांडला जातो, गर्दी दुपारी होते आणि सूर्य कलला की भाव उतरतो. उतरत्या बाजारात पालेभाजी निम्म्या भावात मिळते हे खरं, पण ती दिवसभर उन्हात बसलेली असते. आज रात्रीच शिजवणार असाल तरच घ्या. आठवड्याची भाजी भरायची असेल तर बाजार लागल्यावर तासाभरात पोचावं. त्याआधी पोचलात तर भवानी व्हायची असते आणि भावात घासाघीस करणं बरं दिसत नाही. शहरातले काही शेतकरी बाजार दुपारनंतर भरतात, तेव्हा वेळ आधी विचारून ठेवा.

आदल्या रात्री

दोघांनी फोनवर दहा मिनिटं बोलून यादी करायची, आणि ती पदार्थांची करायची. ‘भेंडी, वांगी, मेथी’ अशी यादी केली की बाजारात भेंडी जून दिसली तरी घेतली जाते, कारण ती यादीत आहे. ‘दोन सुक्या भाज्या, दोन रस्सा, दोन पालेभाज्या, एक भरीत, कोशिंबिरीचं काहीतरी’ अशी यादी असली की जे ताजं दिसेल ते त्या जागी बसतं.

चार माणसांच्या घराला आठवड्याला साधारण एवढं पुरतं : कांदे २ किलो, बटाटे दीड किलो, टोमॅटो दीड किलो, फळभाज्या चार प्रकारच्या प्रत्येकी अर्धा किलो, दुधी किंवा कोबी एक, पालेभाज्या तीन जुड्या, कोथिंबीर एक मोठी जुडी, मिरची पावशेर, आलं १०० ग्रॅम, लिंबं दहा. दोन घरांचं मिळून हे दुप्पट होतं, आणि घासाघीस न करताही दोन-पाच रुपये कमी होतात ते याच आकड्यावर.

त्याच रात्री जवळच्या बाजार समितीचे भाव बघून ठेवा. ते क्विंटलचे असतात. २,४०० रुपये म्हणजे किलोला २४. पालेभाजी शेकडा जुड्यांवर जाते. ८०० रुपये शेकडा म्हणजे जुडी ८ रुपयांची. किरकोळीत याच्या दीडपटीच्या आसपास भाव मागितला तर तो वाजवी समजावा. वाहतूक, नासाडी आणि दिवसभर बसण्याची मजुरी त्यात आली. तिप्पट मागितला तर पुढच्या वाट्याकडे बघावं.

सोबत काय न्यायचं

राज्यात २०१८ पासून हाताळायच्या प्लॅस्टिक पिशव्यांना बंदी आहे, तेव्हा पिशव्यांची सोय आपलीच. दोघांत मिळून : मोठ्या कापडी पिशव्या चार, लहान सुती पिशव्या सहा (मिरची, आलं, लिंबं, शेंगा यांना वेगळी घरं हवीत), कडक तळाची टोपली किंवा क्रेट एक, अंजीर-स्ट्रॉबेरीसाठी झाकणाचे डबे दोन, जुनी वर्तमानपत्रं आणि पिळून घेतलेला ओला पंचा. बरोबर एक लिटर पाण्याची सीलबंद बाटली घ्या. ती पिण्याआधी एकदा काट्यावर ठेवायची आहे, ते पुढे येईल.

पैसे दोघांचे एकत्र करा. समान रक्कम एका पाकिटात, दहा-वीसच्या नोटा भरपूर. क्यूआर कोड बहुतेकांकडे असतो. पण गर्दीच्या बाजारात रेंज जाते आणि रांग तुंबते. दर खरेदीला ‘हे तू दे, ते मी देतो’ केलं की संध्याकाळी हिशोब लागत नाही. पाकीट एक, वही एक, वही धरणारा एक.

पहिली फेरी हात न लावता

बाजार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आधी नुसता चालून घ्या. पंधरा मिनिटं लागतात आणि ती वसूल होतात. यात तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, विकणारा पिकवणारा आहे की आणून विकणारा. ज्याच्यापुढे दोन-चारच जिन्नस, त्यांत लहान-मोठं सगळं मिसळलेलं, मुळांना माती, तो बहुधा शेतकरी. ज्याच्यापुढे वीस भाज्या एकसारख्या आकारात रचलेल्या आणि शेजारी सिमल्याची सफरचंदं, त्यानं माल घाऊक बाजारातून उचललाय. त्यात काही वाईट नाही, कांदे-बटाटे त्याच्याकडे चांगले मिळतात. फक्त ‘आमच्याच शेतातलं’ म्हटल्यावर जास्तीचे पैसे देऊ नका. ओळखायचा साधा प्रश्न म्हणजे, ‘मावशी, वाण कुठलं हो हे?’ पिकवणारा बियाण्याचं नाव सांगतो आणि पाऊस कधी झाला तेही सांगतो.

दुसरी, आज बाजारात कशाची आवक दांडगी आहे. पाच जणांकडे दोडका दिसला तर आज दोडका घ्यायचा.

तिसरी, कुणाकडचा माल थोडा आणि चांगला आहे. तो आधी संपणार.

दोघं दोन दिशांना

एकट्या माणसाची अडचण अशी की आधी घ्यायला हवं ते आधी पिशवीत घालता येत नाही. कोवळी पालेभाजी पहिल्या तासात उडते, पण ती तळाशी गेली आणि वर तीन किलो बटाटे आले तर घरी लगदा जातो. दोघं असले की एकजण टोपली आणि ओला पंचा घेऊन पालेभाज्यांकडे जातो, दुसरा मोठ्या पिशव्या घेऊन कांदे-बटाटे, भोपळा, कोबी. अर्ध्या तासानं गाडीपाशी भेटायचं, जड माल ठेवायचा आणि उरलेली खरेदी मिळून करायची : फळभाज्या, मग टोमॅटो, शेवटी फळं. मिळून घेताना एकानं निवडावं आणि दुसऱ्यानं काट्यावर डोळा ठेवावा. दोघंही निवडायला वाकले की काटा कुणीच बघत नाही.

निवडायचं कसं

पालेभाजीची जुडी बाहेरून कधीच खरी कळत नाही. मेथीची घेऊ. जुडी हातात आडवी धरा आणि बांधलेल्या जागेत अंगठा घालून आतली पानं फाकवा. आत ऊब लागली तर ती रात्रभर बांधून ठेवलेली आहे, आणि घरी जाईपर्यंत आतून काळी होईल. मग नाक जवळ न्या. मेथीचा कडसर वास यायला हवा. दमट, कुजकट वास आला तर ठेवून द्या. शेंड्याला पांढरट फुलं-कळ्या दिसल्या म्हणजे ती जून, काड्याच जास्त निघतात. मुळांची माती ओली असावी, पानं मात्र कोरडी. पानांवर पाणी मारून ताजी दाखवलेली जुडी वजनाला भारी आणि टिकायला हलकी. कोथिंबिरीला हेच सगळं लागू, पावसाळ्यात तर दुपटीनं. कोकणपट्टीत आणि मुंबईकडे वाळूत वाढवलेली इवल्या जुड्यांची समुद्र मेथी मिळते. ती एका वेळच्याच मापाची, वाटून घ्यायची गरज नाही. पण चार पाण्यांत धुवावी, नाहीतर दाताखाली वाळू येते.

वांग्याला वजन हा निकष, आणि तो उलटा : आकारानं मोठं पण हाताला हलकं तेच भरताला घ्यावं. जड वांग्यात बिया भरलेल्या असतात. जळगावकडची भरिताची हिरवी वांगी थंडीत येतात, तेव्हा तीच घ्या. त्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. देठ हिरवा आणि टोकदार काट्यांचा हवा. देठाखालची टोपी जरा उचलून बघा, किडीचं छिद्र बहुतेकदा तिथेच लपलेलं असतं.

भेंडीचं टोक मोडून बघायला विकणाऱ्याची हरकत नसते, पण दोन-तीनच मोडा. ‘टक्’ आवाज आला की कोवळी. गवार वाकवली की मोडायला हवी; नुसती वाकली आणि दोरा सुटला तर जून. शेवग्याची शेंग पिरगाळा, सहज पिळली गेली तर कोवळी. दुधीला नख लावून बघायची सवय सोडा. नख लागलेला दुधी त्या जागी सडतो आणि तो त्या माणसाच्या माथी राहतो. देठ ओला, अंगावर बारीक लव, एवढं पुरे. अळू घेताना काय करणार ते सांगा : वडीला काळ्या देठाचं, फदफद्याला हिरव्या देठाचं.

कांद्यात हंगाम ओळखता आला पाहिजे. एप्रिल-मेत निघणारा गरवा, म्हणजे उन्हाळ कांदा, चार-पाच महिने टिकतो. त्याची गोणी दोघांत घ्यायला हरकत नाही. दिवाळीच्या आगेमागे येणारा पोळ लाल कांदा दिसायला देखणा, पण पाणीदार. महिन्याच्या वर ठेवू नये. मान बारीक आणि सुकलेली, पत्ती घट्ट बसलेली, दाबल्यावर टणक. जाड मानेचा, डेंगळा म्हणजे फुलाचा दांडा आलेला आणि जोडकांदा हे तिन्ही आधी सडतात आणि शेजाऱ्याला सडवतात. बटाट्यावर हिरवी झाक असेल तर घेऊ नका. उजेडात पडून तिथे सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढलेलं असतं, ते शिजवून जात नाही.

टोमॅटो दोन रंगांत घ्या : निम्मे लाल, निम्मे केशरी-पिवळट. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा २० किलोचा क्रेट चालतो. स्वस्त लागला की अख्खा उचलायचा मोह होतो. दोन घरांत दहा-दहा किलो टोमॅटो प्युरी करून ठेवणार असाल तरच संपतात.

जून-जुलैत रानभाज्या येतात. कर्जत, मुरबाड, पालघरकडच्या आदिवासी बाया टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली, शेवळं घेऊन बसतात. इथे भाव करू नये. डोंगर चढून खुडून आणलेली भाजी आहे ती. शेवळं घेतलीत तर विकणारीकडची काकडं, ही आंबट रानफळं, सोबत घ्याच, त्यांच्याशिवाय घसा खाजतो. फोडशी घ्याल तर मधला कडक दांडा काढायचा. न ओळखणारी भाजी केवळ ‘चांगली असते’ म्हणून उचलू नका. कशी निवडायची, उकळून पाणी टाकायचं की नाही, हे तिलाच विचारा. ती नीट सांगते, आणि सांगताना आनंदानं सांगते.

आंबा घ्यायचा तो पेटीनं, आणि दोघांत. कार्बाइडनं पिकवायला बंदी आहे, तरी पिकलेल्या आंब्याकडे नुसतं बघून ते कळणं कठीण. कच्चा, भरलेला आंबा घेऊन घरी गवतात अढी लावावी. आठ-दहा दिवसांत क्रमाक्रमानं पिकतो. पेटी उघडून खालचा थर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, वरचा थर सगळेच चांगला लावतात.

काटा आणि भाव

इलेक्ट्रॉनिक काटा असेल तर माल ठेवण्याआधी शून्य दिसतंय का बघा. टोपलीसकट वजन होणार असेल तर रिकामी टोपली आधी ठेवून शून्य करून घ्यायला सांगा. शंका आली की बाटली काढा : एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, वर रिकाम्या बाटलीचे वीस-पंचवीस ग्रॅम. काटा ९९० ते १,०४० ग्रॅमच्या आत दाखवत असेल तर ठीक; १,१०० दाखवला तर तुम्हाला दर किलोला सत्तरएक ग्रॅम कमी मिळतंय. भांडू नका, पुढे चला. वैध मापन शास्त्र यंत्रणेकडून अशा काट्याची दर वर्षी पडताळणी होऊन शिक्का बसायला हवा. वारंवार तेच घडत असेल तर तक्रार तिकडे करता येते.

गावच्या बाजारात धान्य अजून मापानं मिळतं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. हे आकारमान आहे, वजन नव्हे. म्हणून एक पायली ज्वारी आणि एक पायली तांदूळ काट्यावर सारखे उतरत नाहीत. भाव ताडून बघायचा तर एकदा मापटंभर वजन करून घ्या.

भाव एकदाच करायचा, एकानंच करायचा, आणि दोघांच्या मालावर करायचा. ‘काका, दोन घरची घेतोय, सहा जुड्या. कसं लावाल?’ एवढं पुरतं. एकानं ‘नको, महाग आहे’ म्हणून ओढायचं आणि दुसऱ्यानं थांबायचं, हे नाटक विकणाऱ्यांनी तुमच्यापेक्षा जास्त वेळा पाहिलंय. पाच रुपये कमी करण्यापेक्षा मूठभर कढीपत्ता वर मागा. तो हसत मिळतो.

वाटणी

ती बाजारातच उरकू नका, आणि दुसऱ्या दिवसावरही ढकलू नका. ज्याचं घर आधी लागतं तिथे ओट्यावर किंवा जमिनीवर चादर टाकून सगळं पसरा. जुना नियम पाळा : एकानं दोन वाटे करायचे, दुसऱ्यानं आधी उचलायचा. करणाऱ्याचा हात आपोआप सरळ चालतो. जड माल स्वयंपाकघरातल्या काट्यावर वाटा, पालेभाजी काड्या मोजून नव्हे, अंदाजानं.

काही जिन्नस कापले की टिकत नाहीत, ते निम्मे करण्यात अर्थ नसतो : कोबी, फ्लॉवर, दुधी. हे या आठवड्याला तुझ्याकडे, पुढच्या आठवड्याला माझ्याकडे. लाल भोपळा मात्र बिया आणि आतलं मऊ काढून, कापलेली बाजू कोरडी ठेवून आठवडाभर राहतो. गुळाची दहा किलोची ढेप फोडायची तर जाड कापडात गुंडाळून कडेकडेनं बत्त्यानं ठोका. मधोमध घाव घातला की भुगा जास्त होतो. फणस फोडताना हाताला आणि सुरीला आधी खोबरेल लावा, नाहीतर चीक दोन दिवस निघत नाही.

पावसाळ्याआधी, मे महिन्यात, हीच वाटणी मोठ्या मापानं करता येते. आपण बेगमी म्हणतो, गोव्यात पुरुमेंत म्हणतात : सुक्या मिरच्या, कोकमं, चिंच, उन्हाळ कांदा, लसणाच्या माळा. मिरची पाच किलोनं घेतली तर भाव बराच उतरतो, पण उन्हात दोन दिवस कडकडीत वाळवूनच वाटा. दमट मिरचीला बुरशी लागली तर ती दोन्ही घरांत लागते, आणि मग दोष कुणाचा ते ठरत नाही.

हिशोब वहीतून त्याच बैठकीत मिटवा. सुटे चार-सहा रुपये पाकिटात राहू द्या, पुढच्या बाजाराला भवानी.

घरी गेल्यावर

धुऊन ठेवू नका. आठवड्याची भाजी तिसऱ्या दिवशी चिकट होण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. पालेभाजी निवडून, कोरड्या कापडात किंवा कागदात गुंडाळून डब्यात. धुवायची ती चिरण्याआधी. कोथिंबिरीची मुळं कापा, पिवळी पानं काढा, कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवा, आठवडा निघतो. मिरच्यांचे देठ काढून ठेवल्या की जास्त राहतात, कारण सड देठापासून सुरू होते. भेंडी पुसून, पूर्ण कोरडी. लिंबं हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये, उघडी ठेवली तर सालं कडक होऊन रस आटतो.

केशरी टोमॅटो बाहेर, पिकेल तसा आत. केळ्यांची फणी पालेभाजीपासून लांब टांगा. पिकत्या केळ्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूनं पानं पिवळी पडतात. बटाटे फ्रीजमध्ये गेले की गोडूस होतात आणि तळताना काळपट पडतात. कांदे जाळीच्या टोपलीत वाऱ्यावर, बटाटे अंधारात, आणि दोघांत अंतर ठेवून. कांद्याजवळ बटाट्याला लवकर मोड येतात.

शिजवायचा क्रम पहिल्याच दिवशी ठरवा. पहिले दोन दिवस पालेभाज्या आणि रानभाज्या, मग भेंडी, गवार, वांगी, मग फ्लॉवर आणि कोबी. दुधी आणि भोपळा शेवटच्या दोन दिवसांना. ज्या दिवशी घरात भोपळ्याची फोड तेवढी उरली असेल, त्या रात्री जोडीदाराला फोन करून पुढची यादी सुरू करायची.